मावशीच्या पाकपुस्तकाचा समास

रद्दीवाल्याकडे मी जाते ती जुन्या पुठ्ठ्यांसाठी. आमचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. त्या शुक्रवारी एका जाड पुस्तकाचा पुठ्ठा उचकटायला घेतला आणि हात थांबला. पाककृतींचं पुस्तक, साठेक वर्षांपूर्वीचं, शिवण उसवलेली. आणि पानापानाच्या समासात मावशीचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

या पुस्तकावरून आम्ही मावशीची वर्षानुवर्षं चेष्टा केली होती. मावशीच्या यजमानांची, आमच्या काकांची कादंबरी गाजली, अभ्यासक्रमाला लागली, आम्ही शाळेत उतारेच्या उतारे घोकले. काका गेले, तरी मावशीचा एकच धोशा, "ती मी लिहिली. भाजी शिजेपर्यंत, पाकपुस्तकाच्या कडेला. यांनी उतरवून काढली आणि वर बदल केले." पुस्तक कुठंय? घर बदलताना काकांनी कुणाला तरी देऊन टाकलं. झालं! कोण विश्वास ठेवणार? खोटं कशाला बोलू, मीही ठेवला नव्हता.

आता कादंबरीची नवी आवृत्ती निघत होती. संपादक असलेले प्राध्यापक भले गृहस्थ. मावशीला म्हणाले होते, "आजी, कागद दाखवा. मुखपृष्ठावर तुमचं नाव घालायची जबाबदारी माझी." छपाई सोमवारी सुरू होणार होती.

मी धावत मावशीकडे गेले. तिला आता दिसत नाही. सुपाच्या कृतीशेजारची दोन पानं मी वाचून दाखवली. कादंबरीची सुरुवातच ती, थोड्या फरकानं. खाली तारीख, कादंबरी छापून येण्याच्या चार वर्षं आधीची.

"बघ, मी म्हणत नव्हते?" मावशी एवढंच म्हणाली. मला इतकी लाज वाटली की मी नुसती तिचा हात धरून बसले. मग प्राध्यापकांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते.

पण पानं निखळत होती. असं लक्तर त्यांच्या हातात कसं द्यायचं? दुकानात येऊन मी शिवण घातली, पाठीला सरस लावला, पुस्तक दाबाखाली ठेवलं आणि घरी गेले. फोटो का काढले नाहीस, असं आता जो तो विचारतो. शहाणे कुठले! मूळ पुस्तक हातात असताना फोटो कुणाला सुचतो?

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. दुकान माझ्या हाती देऊन आठ वर्षं झाली, तरी सकाळी किल्ली घेऊन गुपचूप जातात. शनिवारी मी पोचले तेव्हा शेगडीवर पुठ्ठे चिकटवायची खळ शिजत होती आणि टेबलावर मावशीचं पुस्तक होतं. नवा पुठ्ठा, कापडी पाठ, तिन्ही कडा गुळगुळीत.

"मावशीचं ना? पहिल्या पानावर नाव बघितलं," बाबा खुशीत म्हणाले. "कडा शाईनं पार बरबटल्या होत्या. घेतल्या बोटभर कापून. बघ, हात अजून थरथरत नाही!"

शिवलेलं पुस्तक दाबाखालून निघालं की कटरखाली जातं. आमच्याकडे चाळीस वर्षं हेच चालत आलंय. आणि कातरण जाते खळीच्या शेगडीत. मी चिमटा घालून पाहिलं. राख होती.

पानांवर उरल्या होत्या छापील कृती, कडेला कुठे एखादी वेलांटी. ओरडायला मी तोंड उघडलं, पण बाबा शाबासकीची वाट बघत उभे होते. मी चिमटा खाली ठेवला.

बाबा हौसेनं माझ्याबरोबर आले. स्वतःच्या हातानं मावशीला पुस्तक दिलं. तिनं पान उघडलं, अंगठा कडेकडे सरकवला. कड लगेच आली. तिनं दुसरं पान चाचपलं, तिसरं चाचपलं.

"कुणी केलं हे?"

"मी! दुसरं कोण करणार?" बाबा म्हणाले.

मावशीनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "छान झालंय, भाऊजी. चहा घेऊन जा."

बाबा गेल्यावर प्राध्यापक आले. मावशीनं त्यांना सांगितलं की ते पुस्तक वेगळंच निघालं, पोरीचा गैरसमज झाला. ते हळहळले आणि गेले. मला रडू आवरेना.

"रडू नकोस," मावशी म्हणाली. "काल वाचलंस ते पुन्हा म्हणून दाखव. आता ते तुझ्याकडेच आहे."

मी डोळे मिटून सुरुवात केली. वाक्यामागून वाक्य न अडखळता येत गेलं. मावशीनं माझा हात दाबला.

"हे नव्हे. हे त्यांचं छापील. माझ्यात ती बाई दार उघडत नाही."

मी पुन्हा सुरुवात केली, मग पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी त्या बाईनं दार उघडलं.