उंबऱ्यावरची हाक

शेंगापोळी एका दिवसात कडक होते. पण टिकते.

सहस्रकुंडाला पाणी इतक्या जोरात पडतं, की शेजारचा माणूस ओरडला तर ते फक्त त्याच्या तोंडावर दिसतं.

पॉलिटेक्निकला पहिल्या तासाला महांतेश कधीच उठला नाही. हजेरीत त्याचं नाव आलं की सुदर्शन मागच्या बाकावरून आवाज बदलून ओ द्यायचा. तीन वर्षं कुणाला कळलं नाही.

महांतेशच्या घरात रात्री तांब्यावर स्टीलचा ग्लास उपडा ठेवतात. जमीन हलली तर माणसांच्या आधी ग्लासाला कळतं.

खरोशाच्या लेण्यांत फोनला रेंज नाही.

महांतेशला एक थोरला भाऊ होता. त्याचंही नाव महांतेश.

*

गुरुवारी सुदर्शन नांदेडच्या ट्रॅक्टर शोरूमचं शटर ओढत होता, तेव्हा किल्लारीहून तुळजाबाईंचा, म्हणजे महांतेशच्या आईचा, फोन आला.

"लेकरा, औंदा त्यो तुझ्याकडं यायलाय. गुरुद्वारा दाव, धबधबा दाव, कुठं बी फिरव. पर सोमवारपस्तोर हिकडं आणू नगंस."

"नाही आणत, मावशी."

"हाव म्हण."

"हाव."

कारण त्याला माहीत होतं. एका खोलीत तीन वर्षं राहिलेल्या माणसाला सगळं माहीत असतं.

भूकंप झाला त्या पहाटे तुळजाबाई अंगणात होत्या आणि सहा वर्षांचा पोरगा आत झोपलेला. भिंती बसल्या. त्यांनी हाक मारली, "महांतेशा," आणि दगडांखालून आलं, "ओ." पुन्हा हाक, पुन्हा ओ. सगळ्या गावात दगड उचलायला हात किती होते? दुपारी कधीतरी ओ यायची थांबली.

पुढे तीन वर्षांनी मुलगा झाला. त्याला तेच नाव ठेवलं.

तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला तुळजाबाई शेंगापोळीचं ताट घेऊन जुन्या गावठाणात जातात. घराचा फक्त उंबरा राहिलाय. तिथं बसून तीनदा हाक मारतात आणि गप्प बसून ऐकतात. त्या हाकेला जित्या माणसानं ओ द्यायची नाही. ज्यानं दिली तो गेला, तो त्या जागेचा झाला, असं त्या मानतात. म्हणून त्या नावाचा जिता मुलगा त्या दिवशी शिवेच्या आतसुद्धा नको. लहानपणी त्याला मामाकडे पाठवायचे. मोठा झाल्यावर तो नुसता फिरायचा. सोलापूर, बिदर, कधी पंढरीकडचा एखादा मित्र. जाईल तिथून फोटो पाठवायचा. तुळजाबाईंना वाचता येत नाही, पण फोटो बघून पोरगा लांब आहे एवढं कळतं.

यंदा तारीख शनिवारी आली आणि सोमवारी गांधी जयंती. सलग तीन दिवस सुट्टी.

*

शनिवारी सकाळी गुरुद्वारात डोक्याला रुमाल बांधून दोघांनी लंगरात जेवण केलं. फोटो गेला. दुपारी इस्लापूरच्या पुढे सहस्रकुंड. काळ्या खडकांवरून पैनगंगा मातकट होऊन कोसळत होती. महांतेश पार पुढे जाऊन उभा राहिला. सुदर्शननं मागून त्याचा शर्ट मुठीत धरला.

महांतेशचे ओठ गोल झाले. तो काहीतरी ओरडला. ऐकू आलं नाही. त्यानं परत तेच केलं, आणि मग लहान पोरासारखा हसला.

परतताना इस्लापुरात भजी खाताना सुदर्शननं विचारलं, "काय बोंबलत होतास बे तिथं?"

"ओ म्हणून बघितलं."

"काय?"

"मोठ्यानं कधी म्हणलोच न्हाई ना. माय हाक मारती तवा मी 'आलो' म्हणतो, 'काय गं' म्हणतो. ओ म्हणायचं न्हाई. ती त्याची हाय." त्यानं मिरचीचं देठ बाजूला ठेवलं. "तुला सोपंय लेका. माझ्या नावाची बी ओ तूच देऊन राहिला होतास."

"आणि तू झोपून राहिला होतास."

"म्हणून तर पास झालो."

दोघं हसले. मालकानं गरम भजी आणून टाकली. बाहेर पडताना महांतेश सहज म्हणाला, "आत्ता मारत असेल हाक." सुदर्शननं गाडी सुरू केली आणि गाण्याचा आवाज वाढवला.

*

रविवारी खरोसा. ते महांतेशनंच काढलं.

"लातूर जिल्ह्यातला माणूस आणि खरोसा बघितलं न्हाई. लोकं हसतेत."

"तिथून किल्लारी जवळ पडतं."

"तारीख काल गेली की."

तारीख गेली होती, हे खरं. सुदर्शनलाही ते पटलं. अहमदपूर, लातूर, औसा. रस्त्याकडेला सोयाबीन पिवळं पडलं होतं. लेण्यांमध्ये थंड, वटवाघळांचा वास. महांतेश एका अंधाऱ्या कोनाड्यात उभा राहिला, सुदर्शननं फोटो काढला. फोटोत शर्ट आला, चेहरा आला नाही. तरी महांतेशनं तो आईला पाठवला. फोनवर गोल गोल चक्र फिरत राहिलं. फोटो गेला नाही.

पायऱ्यांवर बसून महांतेश म्हणाला, "घरी जाऊ. कालची शेंगापोळी असेल."

"मावशी सोमवार म्हणाल्या."

"ती जादाचंच सांगती. दोन किलोचं दळण असलं तर गिरणीवाल्याला तीन किलो सांगती."

सुदर्शनला गुरुवारचं 'हाव' आठवलं. पण पोळीची भूकही लागली होती, आणि ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही तिच्यासाठी चांगल्या मित्राला त्याच्या घराच्या इतक्या जवळून परत न्यायचं कसं? त्यानं गाडी वळवली.

*

नव्या किल्लारीत घराला कुलूप. शेजारचे गुरुपादप्पा ओट्यावर सुपारी कातरत होते. महांतेशला बघून त्यांचा अडकित्ता थांबला.

"तू कसा काय आलास रं?"

"माय कुठाय, आप्पा?"

गुरुपादप्पा महांतेशकडे न बघता सुदर्शनला म्हणाले, "काल जुन्या गावात लई गर्दी. पुढारी, फुलं, टीव्हीवाले. एकानं तिच्या तोंडाम्होरं माईक धरला, म्हणला मावशी, हाक मारून दावा. ताट झाकून माघारी आली. म्हणली, गर्दी सरल्यावर जाते." त्यांनी उन्हाकडे पाहिलं. "आज गेलीय. आत्ताच."

सुदर्शन वळला. महांतेश गाडीत बसला होता, ड्रायव्हरच्या जागेवर. गाडी सुरू होती. सुदर्शन धावत जाऊन शेजारी बसला तेव्हा दार नीट लागायच्या आत ती निघाली.

"महांतेश, गाडी थांबव."

"नुसतं ऐकतो. लांबून. जलमात एकदा."

"थांबव म्हणतो ना."

"बोलणार न्हाई मी काय. ऐकतो."

*

जुन्या गावठाणात बाभळी माजलेल्या. त्यांच्या मधून दगडांचे ढीग, आणि एका ढिगापुढे पाठमोऱ्या तुळजाबाई. समोर उंबरा. उंबऱ्यावर ताट, शेजारी तांब्या, तांब्यावर उपडा ग्लास. ऊन तिरपं झालं होतं.

दोघं बाभळीआड थांबले. पहिली हाक होऊन गेली असावी.

"महांतेशाऽ."

आवाज म्हातारीचा नव्हता. पोराला जेवायला बोलावणाऱ्या तरण्या बाईचा होता, जरा वैतागलेला. महांतेश एक पाऊल पुढे सरला. सुदर्शननं त्याचा शर्ट मुठीत धरला, धबधब्यावर धरला होता तसाच.

मग शांत. एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

"महांतेशाऽ, ये रं जेवाया."

सुदर्शननं बघितलं. महांतेशचे ओठ गोल होत होते. डोळे मिटलेले. छाती भरून आलेली. सुदर्शननं विचार केला नाही. तीन वर्षं जे केलं होतं तेच झालं. ते नाव पुकारलं गेलं आणि त्याच्या तोंडून, आवाज जरा बदलून, निघालं,

"ओ."

महांतेशनं डोळे उघडले.

तुळजाबाई वळल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलंच नाही. सुदर्शनकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, ओझं उतरावं तसं.

"ये. बस," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी सुदर्शन."

"हाव. बस."

"माय," महांतेश म्हणाला.

"तू घरी जा. किल्ली आप्पाकडं हाय." हे त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

महांतेश दोन पावलं मागे सरला. मग आणखी दोन. सुदर्शनला वाटलं, तो थांबेल. बाभळीतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सुदर्शन उंबऱ्यासमोर मांडी घालून बसला. तुळजाबाईंनी ताट त्याच्यापुढे सरकवलं. पोळी कडक होती. तो तुकडे मोडून खात राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. त्या मधून मधून त्याच्या केसांतली धूळ झटकत होत्या. धूळ नव्हती.

"लई येळ लावलास," त्या म्हणाल्या.

तांब्यावरचा ग्लास हलकेच वाजला. वारा नव्हता.

*

शनिवारी सकाळी नांदेडच्या घरातून गाडी निघाली, तेव्हा सुदर्शनच्या आईनं, नागाबाईंनी, दारात येऊन त्याला तीन हाका मारल्या होत्या. काचा वर होत्या, त्याला ऐकू गेलं नाही. त्याची ओ आली नाही.