पुसातली चौथ

सासूनं खिळ्यावरची कढई उतरवून चुलीवर ठेवली. शामकलानं ती उचलली, पदरानं बूड पुसलं आणि परत खिळ्याला अडकवली.

"काऊन?" सासू म्हणाली.

"राहू द्या, अम्मा."

"उद्या बडा दिन हाये, बहू. अरशासाठी गूळ आणला, तांदूळ भिजू घातले. आन् तू कढई टांगून राहिली."

"तांदळाची पेज करू."

म्हातारीनं फुंकणी खाली ठेवली. ती मूळची छत्तीसगडची. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळं गोंदियाच्या या वसाहतीत आली आणि इथंच म्हातारी झाली. बोलण्यात तीन मुलखांची भेसळ झाली होती, पण देवाच्या कामात भेसळ तिला खपत नसे.

"मसीही लोकाईत सुतक-बितक राहत नाही. उदाराम प्रभूपाशी गेला. त्याच्यासाठी सण बंद कराचा नाही."

"आमच्या घरी माणूस गेलं का पहिल्या सणाला माहेरचं माणूस येऊन कढई चढवते. मग सण उघडते. आपल्या हातानं चढवत नाहीत."

"आमच्या घरी म्हणजे कोणच्या?"

शामकला भिजलेल्या तांदळातलं पाणी निथळवत राहिली.

"तुह्या भावासाठी प्रभूचा जनम थांबत नाही," म्हातारी म्हणाली, पण कढईकडे पुन्हा गेली नाही.

शामकलाचा नवरा उदाराम भादव्यात तापानं गेला होता. तो स्टेशनात पॉइंटमन होता. त्याआधी, लग्नापूर्वी, तिरोड्याजवळच्या एका फाटकावर तो गेटमन होता आणि फाटकाला लागून शामकलाच्या बापाच्या धानाच्या बांध्या होत्या. ती त्याच्याशी लग्न करून गोंदियाला आली, ख्रिस्ती देवळात डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं, आणि तिच्या भावानं, दुधरामनं, या घरचं पाणी पिणार नाही असं सांगून टाकलं. त्यानं ते पाळलंही. मातीच्या दिवशी तो आला होता, पण कबरस्तानच्या भिंतीबाहेर उभा राहिला. डोक्याचा फेटा काढून हातात धरला होता. सगळं आटोपल्यावर शामकलानं मान वळवून पाहिलं, तेव्हा तो तिरोड्याची गाडी धरायला निघून गेला होता.

मूलबाळ नव्हतं. उदारामच्या जागी तिला बायकांच्या वेटिंग रूममध्ये आयाचं काम मिळालं, म्हणून क्वार्टर राहिलं. ती माठ भरी, बाकं पुशी, रडणाऱ्या पोरांना पाणी देई. आपल्याला दुःख झालं आहे असं तिला वाटत नव्हतं. फार वेळ एका कुशीवर निजल्यानं हाताला बधिरपणा येतो, तसं काहीतरी झालं होतं. फक्त हात थोड्या वेळानं मुंग्या येऊन जागा होतो, आणि इथं मुंग्याच येत नव्हत्या.

नाताळ आला. आदल्या संध्याकाळी गाणारी मंडळी कंदील घेऊन दारात आली. सासूनं त्यांना गुळाचा चहा दिला आणि त्यांच्यासोबत दोन गाणी म्हटली. सकाळी दोघी देवळात जाऊन आल्या. दुपारी शेजारच्या घरांतून फराळाची ताटं आली. अरसे, करंज्या, गार्डसाहेबांच्या घरचा केक. शामकलानं प्रत्येक ताट रिकामं करून धुतलं आणि रिकामं परत जाऊ नये म्हणून त्यात मूठमूठ तांदूळ घालून पाठवलं. सासूनं एक अरसा खाल्ला. बाकीच्याला तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या, तेव्हा शामकलानं ते सगळं नालीपलीकडे गाईपुढे टाकलं.

ती कुणाची वाट पाहत होती असं म्हणता येणार नाही. पण त्या आठवड्यात तिरोड्याकडून येणारी पॅसेंजर फलाटाला लागली की ती फडकं घेऊन वेटिंग रूमच्या दाराशी येई आणि पितळी कडी पुसत बसे. गाडी हलली की आत जाई. नवीन साल लागलं, मग तिनं कडी पुसणंही सोडलं. भाऊ आला नाही, म्हणजे उदाराम त्या घरचा जावई कधी झालाच नव्हता, एवढा हिशेब तिला कळला. तो कळल्यावरही काही वाटलं नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी ती अंगणात भांडी घासत होती.

"शामे, हायेस का घरी?"

फाटकाशी दुधराम उभा होता. स्वच्छ धोतर, फेटा, खांद्यावर पोतं. त्याच्यामागं त्याची बायको धुरपता, डोक्यावर टोपली, टोपलीवर पळसाच्या पानांच्या पत्रावळींचा भारा. शामकला राखेनं भरलेल्या हातांनी तशीच उठली.

दुधरामनं घराकडे नजर फिरवली. दाराला ना तारा, ना पताका, भिंतीला चुना नाही. त्यानं मान हलवली.

"सजवलं नाहीस काही. बरोबर हाये. कढई चढल्याबिगर कसं सजवाचं?" मग त्यानं वसाहतीकडे पाहिलं. "बाकीचे गिर्जात गेले वाटते सारे. लई सामसूम हाये."

"भाऊ, कशासाठी..."

"कशासाठी म्हंजे? आज तुमचा नाताल ना?"

शामकलानं राखेचे हात पदराला पुसले.

"मी हिशेब धरला," दुधराम पोतं खाली ठेवत म्हणाला. "मागच्या साली जवाई नातालचे अरसे घेऊन खळ्यावर आला होता. आम्ही मळणी करून राहिलो होतो. त्या दिवशी पुसातली चौथ होती, हिचा उपास होता. म्हणून हिनं खाल्लं नाही, पदरात बांधून ठेवलं. अवंदा धोंड्याचा महिना आला, सारेच सण मागं सरकले. दिवाळी पाहा किती उशिरा आली! तं तुमचा नाताल बी उशिरा. आज पुसातली चौथ. उद्या आमची तिळसंक्रांत. जोडूनच आले दोघं."

हिशेबात कुठंच चूक नव्हती. शामकलाच्या बापानं असाच धरला असता. एकादशी, पौषातली चौथ, पोळा, दिवाळी, सगळे चंद्राला बांधलेले. नाताळ मात्र तारखेच्या खिळ्याला ठोकलेला असतो, हे त्या बांध्यांवर कुणी कुणाला सांगणार?

"भाऊ," ती म्हणाली, "नाताल तर..."

"आजच हाये." मागून सासूचा आवाज आला. म्हातारी दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. "या आत. उशीर केला तुम्ही. सकाळपासून वाट पाहून राहिलो."

शामकलानं वळून पाहिलं. इंजिनातून पडलेला कोळसाही ही बाई घरात येऊ देत नसे, विचारल्याशिवाय घेतलेला म्हणून. शेजारणीच्या पोरानं शाळा बुडवली तर त्याच्या वतीनं खोटा ताप सांगायला तिनं नकार दिला होता. आता ती पापणीही न हलवता उभी होती.

"पाय धुवा," म्हातारी म्हणाली. "बहू, पाणी दे त्यांना."

शामकलानं बादली आणली. दुधराम उंबऱ्याबाहेर पाय धूत बराच वेळ उभा राहिला, धुतलेलाच पाय परत धुतला. मग मान खाली घालून आत आला.

पत्रावळींचा भारा शामकलानं कोपऱ्यात ठेवला. ही पानं कशाला आणली ते तिला आल्याबरोबर समजलं होतं. या घरच्या ताटात जेवायचं नाही म्हणून. तिनं त्याचंही काही मनावर घेतलं नाही.

टोपलीतून तांदळाचं पीठ निघालं, गूळ, भिजवून वाटलेली उडदाची डाळ, जवसाच्या तेलाची बाटली. धुरपतानं पदर खोचला, खिळ्यावरची कढई स्वतःच्या हातानं उतरवली आणि चुलीवर ठेवली. सासू भिंतीशी बसून पाहत होती. तेल तापलं तसा जवसाचा उग्र वास घरभर झाला आणि खिडकीतून बाहेर गेला.

तो वास घेतच गार्डसाहेबांची सुशीलाबाई दारात आली. "क्या बात है, अम्मा? आज कुछ खास है क्या?"

"आज बडा दिन नाही का?" म्हातारी म्हणाली आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. "बहूचे भाऊ-भावजय आले गावावरून. बडा दिन मनवाले."

सुशीलाबाईचं तोंड उघडं राहिलं. तिनं फेटा पाहिला, टोपली पाहिली, चुलीवरची कढई पाहिली. शामकलाकडे पाहिलं, तर शामकला पिठात हात घालून बसलेली.

"अरे हां," सुशीलाबाई म्हणाली. "मैं तो भूलच गयी." आणि लगबगीनं गेली.

परत आली तेव्हा तिनं नाताळाची रेशमी साडी नेसली होती. केक तिच्या घरी केव्हाच संपला असावा, कारण ताटलीत बाजारची बिस्किटं होती. "बडा दिन मुबारक हो, भैया," ती दुधरामला म्हणाली. दुधरामनं घाईनं हात जोडले आणि आपणही काही म्हणायचं असतं की काय, म्हणून सासूकडे पाहिलं.

"तुम्हाले बी मुबारक म्हना," म्हातारी म्हणाली.

"तुम्हाले बी," दुधराम म्हणाला.

सुशीलाबाई हसू दाबत गेली. पहिला वडा धुरपतानं तेलात सोडला. दुसऱ्याचं पीठ शामकलाच्या तळहातावर थापलं आणि तिचं मनगट धरून हात कढईवर नेला.

"सोडा, बाई."

शामकलानं सोडला. तेल चरचरलं. धुरपतानं मनगट लगेच सोडलं नाही.

"मागच्या साली आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्ले ते अरसे," ती नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाली. "यायनं बी. चांगले झाले होते. तुम्हाले सांगाचंच राहिलं."

वडे झाले, अरसे झाले, भात झाला. जेवायची वेळ आली तेव्हा सासूच म्हणाली, "आज चौथ हाये म्हणता, तं तुमचा उपास असंल."

"देवाले सांगून आली," धुरपता म्हणाली. "आपण जेवलो नाही तं सण उघडत नाही. गणपती ऐकते समजावून सांगतलं तं."

तिनं भारा सोडला आणि पानं मांडायला घेतली. नवऱ्याला, स्वतःला, म्हातारीला, शामकलाला. दुधराम पानापुढं मांडी घालून बसला. त्यानं लोटा उचलला, या घरचं पाणी प्याला, तोंड पुसलं आणि कुणाकडेच पाहिलं नाही. धुरपताच्या हातात अजून एक पान होतं.

"वहिनी, एक जास्त झालं," शामकला म्हणाली.

धुरपतानं नवऱ्याकडे पाहिलं. दुधराम खाकरला.

"मावशी," तो म्हातारीला म्हणाला, "जवाईचं पान कुठं वाढाचं? आमच्यात वाढतात पहिल्या सणाले. घरच्या भांड्यात वाढत नाहीत, म्हणून पतरी आणली. तुमच्यात चालत नसंल तं राहू द्या. मी बाहेर नेऊन गाईपुढं ठेवतो."

यार्डात डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला, एकामागून एक, लांबपर्यंत. मातीच्या दिवशी कुणी एक बाई कबरीवर तांदूळ टाकायला निघाली, तेव्हा या म्हातारीनं तिला हात धरून अडवलं होतं. आता तिचे स्वतःचे हात मांडीवर पडले होते. ती ते जरा वेळ पाहत राहिली.

"दाराजवळ वाढा," ती शेवटी म्हणाली. "ड्युटीवरून आला का तिथंच बसे. जोडे काढाचाबी धीर नव्हता त्याले."

धुरपता पान घेऊन दाराकडे निघाली.

"तिथं नाही," शामकला म्हणाली.

ती अर्धी उठली आणि तिनं चुलीकडे हात केला.

"तिथं उन्हाळ्यात. थंडीत चुलीपाशी बसत. त्या अंगाले, भिंतीले पाठ लावून. पाय लांब करत चुलीकडे, आन् मी वरडो का सरका, राख उडते."

चुलीजवळ, भिंतीला पाठ लावून, म्हातारीच बसली होती. ती एका हातानं भुई धरून उठली, आपलं पान ओढलं आणि पलीकडे सरकली. धुरपतानं मोकळ्या जागी पान मांडलं, त्यावर भात घातला आणि वड्यांची परात हातात घेतली.

"किती वाढू?"

"चार," शामकला म्हणाली. "पहिल्या खेपेले चार लागतात त्यांना."