जाळ विझला होता तरी

‘गॅसजवळ जायचं नाही!’ हे कोणत्या घरात ऐकू येत नाही? चिमीच्या घरात तर ते उठता-बसता कानी पडे. चिमी पहिलीतली, भारी चौकस. तिला सारखं ‘का’ विचारायची खोड आणि आईला उत्तर द्यायला सवड नाही.

शाळेत बाईंनी स्वयंपाकाचा तास सुरू केला होता. मुलं कणीक भिजवत, मीठ विरघळताना पाहत, झाकणाला आतून पाणी कुठून आलं ते शोधत. एके दिवशी चिमी बोटाला जरासा चटका लागून घरी आली आणि आईचं डोकं फिरलं. मुलांना शिकायला धाडतो, आचारी व्हायला नाही, असं तिने मुख्याध्यापिकांना सुनावलं. इतर पालकांनी तिचीच री ओढली. वाफेचा धडा तेवढा पुरा होऊ द्या, असं बाईंनी विनवलं. पण तास बंद झाला तो झालाच.

पुढे एका सकाळी आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. गॅसवर बटाटे उकळत होते. चिमीने स्टूल ओढलं, गॅस बंद केला, जाळ विझला ना ते नीट वाकून पाहिलं. मग पातेल्यावरचं झाकण स्वतःकडे ओढलं.

इस्पितळात तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. उजवा वाचेल, डाव्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. चिमी चाचपडत म्हणाली, “आई, रागावू नको गं. मी आधी जाळ विझवला होता.”

बाई भेटायला आल्या तेव्हा आईला मान वर करवेना. “मला बोला हो बाई, चांगलं फैलावर घ्या.”

“बोलून काय होणार, ताई? पोरीने तिच्या परीने तुमचा शब्द पाळला. जाळ दिसतो, म्हणून मूल त्याला भितं. वाफ मात्र शिकवावीच लागते.”

डावा डोळा गेला.

आईने स्वतः शाळेत जाऊन तास पुन्हा सुरू करवला. आता हिला सुचतंय, असं लोक तोंडावर म्हणाले; तिने ऐकून घेतलं. झाकण पलीकडच्या बाजूने कसं उचलायचं, ते ती मुलांचे हात धरून दाखवते. चिमी मात्र वर्गाच्या दारातच उभी राहते. आत येत नाही.

देवाने लेकरांना ‘का’ विचारायची बुद्धी दिली आहे. त्या बुद्धीला धाकात ठेवणं म्हणजे लेकरांना सांभाळणं नव्हे. आपल्या मुलाला जवळ घ्या, ओट्याशी उभं करा आणि कारण सांगा. आजच सांगा!