तूर्त लावलेला हिरवा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. विचित्र माणसाकडे बघून लोक 'काय नमुना आहे!' म्हणतात, तसला मी नव्हे. मी खराखुरा नमुना आहे, लाकडाचा, अख्ख्या एका शहराचा. आणि तोही आजच्या शहराचा नाही बरं का. तीस वर्षांनी हे शहर कसं दिसेल, ते लोकांना दाखवायला मला बनवलं होतं. ती तीस वर्षं गेल्या वर्षी संपली. म्हणजे माझं भविष्य होऊन गेलं, आणि मी मात्र नगररचना कार्यालयाच्या जिन्याखाली भिंतीला टेकून उभा आहे. पूर्वी लोक मला स्वस्थ बसू देत नव्हते, आता माझं मन मला बसू देत नाही. का, तेच सांगायचं आहे.

मला एका मिस्त्रींनी घडवलं. कानामागे पेन्सिल, ओठांत दोन खिळे आणि लाकडाशी बोलायची खोड. "ए, वाकू नकोस, शहाण्यासारखा बस," असं ते मला दटावायचे. सहा फळ्या जोडून त्यांनी माझी जमीन केली. नदीसाठी निळी काच बसवली, झाडांसाठी रंगात बुडवलेला स्पंज लावला, रस्त्यांसाठी करडा कागद चिकटवला. घरं म्हणजे बोटाच्या पेराएवढे ठोकळे. आज उभी असलेली घरं पांढरी, ती सरसाने पक्की चिकटवलेली. उद्या होणारी घरं पिवळी, ती खाली खिळा लावून भोकांत नुसती खोचलेली. अंदाज बदलला की उपटायची आणि दुसरीकडे लावायची.

आता नेमकी माझ्या चौथ्या फळीला एक गाठ निघाली. टेकडीचा उतार नदीकडे येतो ना, तिथेच. गाठीतून चीक झिरपायचा आणि सरस धरायचा नाही. खऱ्या शहरात त्या उतारावर पत्र्याच्या छपरांची दाटीवाटीची वस्ती होती. मिस्त्रींनी दोनदा तिचे ठोकळे बसवले आणि दोन्ही वेळा ते घसरत नदीच्या काचेवर आले. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. मोठे साहेब दारात येऊन येऊन घड्याळ बघत होते. शेवटी मिस्त्रींनी हिरव्या बनातीचा, म्हणजे टेबलावर घालतात त्या जाड लोकरी कापडाचा, एक तुकडा कापला. कानामागची पेन्सिल काढून गाठीभोवती काहीतरी आखलं, काहीतरी लिहिलं. मला गुदगुल्या झाल्या, पण काय लिहिलं ते कसं दिसणार? स्वतःच्या पाठीवरचं कुणाला वाचता येतं? मग त्यांनी वरून ती बनात चिकटवली.

"साहेब, तूर्त हे लावतो," मिस्त्री म्हणाले. "लाकूड वाळलं की घरं बसवून देतो."

"हो हो, तूर्त चालेल," साहेब म्हणाले.

महिन्याभरात मिस्त्रींना लांबच्या गावी मोठं काम मिळालं आणि ते गेले. मित्रांनो, कार्यालयात 'तूर्त' या शब्दाला मरण नसतं. माझ्या कडेला एक पितळी पट्टी लावली होती. पांढरं म्हणजे आहे, पिवळं म्हणजे होणार, हिरवं म्हणजे मोकळी जागा. ती पट्टी ज्याने वाचली, त्याने उतार मोकळा आहे असंच समजलं.

सुरुवातीची वर्षं माझा काय थाट होता! मोठ्या दालनात मधोमध मी, वर दिवे, भोवती दोरी. शाळेची मुलं यायची आणि "बाप रे!" म्हणायची. मी खुशीत असायचो. माझी खरी मालकीण म्हणजे आमच्या आकडेबाई. नाव काय ते कुणी घेतच नसे, सगळं कार्यालय त्यांना आकडेबाईच म्हणायचं. शहरात किती बाळं जन्मली, शाळेत पहिलीला किती मुलं आली, बाहेरगावच्या गाड्यांतून किती माणसं सामानसुमान घेऊन उतरली आणि परत गेलीच नाहीत, हे सगळं त्या मांडायच्या आणि पुढचा अंदाज बांधायच्या. कागदावर त्या नेहमी तीन रेघा काढायच्या. शहर कमी वाढलं तर, मध्यम वाढलं तर, भरमसाट वाढलं तर.

साहेब वैतागायचे. "बाई, एकच काय तो आकडा सांगा."

"एकच आकडा ज्योतिषाला विचारा साहेब. मी नुसता अंदाज सांगते," असं म्हणून बाई चष्मा पुसायला लागायच्या.

अंदाज बदलला की माझ्या अंगावरचे पिवळे ठोकळे हलायचे. पूर्वेला विमानतळ होणार म्हटलं की सगळे पूर्वेला. रद्द झाला की उपटा. पुन्हा होणार म्हटलं की पुन्हा खोचा. न झालेल्या विमानतळाच्या रस्त्यावरून दोन साहेब महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. बाजारात तुरी, दुसरं काय! माझ्या अंगाची मात्र चाळण झाली. एकदा तर एकाच आठवड्यात मला तीन वेगवेगळी भविष्यं लावली होती.

या सगळ्या धामधुमीत मला कुणी मायेने हात लावला असेल तर तो मावशींनी. मावशी दालनाची साफसफाई करायच्या. माझ्यासाठी त्यांनी रंगकामाचा एक मऊ ब्रश वेगळा ठेवला होता. एकेका गल्लीतून तो फिरवत त्या पुटपुटायच्या, "किती रे धूळ खातोस! पोट भरत नाही का तुझं?" हिरव्या बनातीची एक कड सारखी उचकटायची. मावशी डब्यातून डिंक आणायच्या आणि अंगठ्याने ती कड दाबून बसवायच्या. अकरा वर्षं दर शनिवारी त्यांनी ते केलं. आता सांगतो, ऐका. मावशींचं घर त्याच उतारावर होतं. लग्न होऊन त्या आल्या ते तिथेच, त्यांची लेक जन्मली तीही तिथेच. आणि ज्या बनातीने त्यांचं घर झाकलं होतं, तिचीच कड मावशी आपल्या हाताने चिकटवत होत्या. मी आतून तळमळायचो. पण लाकडाला कुठे तोंड असतं?

एका शनिवारी ब्रश फिरवता फिरवता त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या आपलं घर शोधायला लागल्या. नदीचा पूल सापडला. पाण्याची टाकी सापडली. टाकीच्या डाव्या हाताला त्यांचं बोट आलं आणि बनातीवर थांबलं.

"अगंबाई! माझं घर कुठं गेलं?"

पहारेकरी दारातून हसला. "मावशी, तुमच्या घरात बाग होणार आता. मज्जा आहे बुवा!"

तो चेष्टेत म्हणाला, पण पुढच्याच महिन्यात भिंतीवर शहराचा नवा आराखडा लागला. खाली बारीक अक्षरात मजकूर होता. मावशींच्या लेकीने तो मोठ्याने वाचला. टेकडीच्या उतारावर सार्वजनिक बाग, कुणाची हरकत असेल तर साठ दिवसांत कळवावी, नाहीतर उतार मोकळा करण्यात येईल. एकशे सव्वीस घरं होती तिथे. मावशी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी मला झाडलं नाही.

हे झालं कसं, तेही ऐका. जुने साहेब निवृत्त झाले होते. जुने नकाशे गळक्या छताखाली भिजून त्यांचा लगदा झाला होता. नव्या साहेबांनी मग वरून माझा फोटो काढला आणि त्यावरून नवा आराखडा आखला. मला खऱ्या शहरावरून बनवलं होतं, आणि आता खरं शहर माझ्यावरून बनणार होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते हेच.

हरकती ऐकायच्या दिवशी उतारावरची माणसं दालनात माझ्याभोवती दाटीने उभी राहिली. नवे साहेब वाईट नव्हते हो, पण कागदाबाहेर बघायची त्यांना सवय नव्हती. हातातल्या लांब काठीचं टोक त्यांनी बनातीवर टेकवलं.

"हा नमुना एकोणीस वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हाची घरं पांढरी. इथे पांढरं काही आहे? नाही. म्हणजे जागा मोकळी होती आणि तुमची वस्ती नंतर आली. त्याआधीचा एखादा कागद असेल तर दाखवा."

कुणाकडे कागद नव्हता. नळ नंतर आला, पाट्या नंतर लागल्या, कागद सगळे नंतरचे. आकडेबाई पुढे झाल्या. "साहेब, मी तेव्हा त्या उतारावर पायी फिरून माणसं मोजली आहेत."

"ती मोजणी कुठे आहे?"

"भिजली," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या जिवाची काय उलघाल झाली म्हणून सांगू! मी साक्षीदार होतो आणि खोटी साक्ष देत होतो. माझ्यामुळे एकशे सव्वीस घरांवर नांगर फिरणार होता. मी काय करणार? लाकडाला बोलता येत नाही, चालता येत नाही. आमच्या हातात फक्त आकसणं आणि फुगणं. उन्हाळ्याचे दिवस होते. मी जीव खाऊन आकसलो. माझ्यामुळे झालं की उकाड्याने, देव जाणे, पण फळी 'कट्' करून वाजली आणि बनातीची ती कड ताडकन वर आली.

मावशींचा हात सवयीने पुढे आला, कड दाबायला. आणि तो मध्येच थांबला.

"साहेब, ही कड मी अकरा वर्षं चिकटवतेय," त्या म्हणाल्या. "डोंगर असा सुटतो का कुठं? हे तर वरून लावलेलं ठिगळ आहे. खाली काय आहे ते बघितलंय कुणी?"

"खाली लाकूड असणार मावशी. दुसरं काय असणार?"

"मग बघायला काय हरकत आहे?" आकडेबाई म्हणाल्या. "आज हरकतींचाच दिवस आहे."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी खांदे उडवले. मावशींनी कड दोन बोटांत धरली आणि बनात ओढली. मला लागलं, खोटं कशाला सांगू? पण किती मोकळं वाटलं! खाली पेन्सिलीने काढलेले लहान लहान चौकोन होते, एकाला एक खेटून, टाकीपासून थेट नदीपर्यंत. आणि गाठीभोवती मिस्त्रींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं. आकडेबाईंनी ते वाचलं. "तूर्त कापड लावले आहे. चीक वाळल्यावर इथे वस्तीची एकशे सव्वीस घरे बसवणे." खाली तारीख होती.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि वाकून स्वतः वाचलं. मग खाकरून म्हणाले, "ठीक आहे. बागेचा निर्णय तूर्त थांबवतो."

"तूर्त नको साहेब!" मावशी एवढ्या जोरात ओरडल्या की पहारेकरी धावत आला. "एक तूर्त आम्हाला एकोणीस वर्षं झाकून बसलं होतं. आता काय ते पक्कं लिहा."

आकडेबाईंनी आपलं शाईचं पेन साहेबांपुढे धरलं. साहेब क्षणभर घुटमळले. मग आराखड्यावरचा 'बाग' हा शब्द खोडून त्यांनी 'वस्ती' असं लिहिलं आणि सही केली. मावशी रडत होत्या आणि पदराने डोळे पुसता पुसता माझ्यावरची धूळही पुसत होत्या.

पुढच्या शनिवारी त्या लेकीला घेऊन आल्या. दोघींनी आगपेट्या कापून घरं केली होती आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीची छपरं, अगदी पत्र्यासारखी. चीक कधीच वाळला होता. एकशे सव्वीस घरं माझ्या उतारावर डिंकाने घट्ट बसली. टाकीच्या डाव्या हाताच्या घरावर मावशींनी बोट ठेवलं आणि लेकीला म्हणाल्या, "हे आपलं."

मग वर्षं गेली. मावशी थकल्या, आकडेबाई निवृत्त झाल्या. माझं भविष्य जवळ येत गेलं, तसं माझं पितळ उघडं पडलं. विमानतळ झालाच नाही. शहर पूर्वेला वाढणार होतं, ते महामार्ग धरून पश्चिमेला सुसाट पळालं. माणसं तर आकडेबाईंच्या सगळ्यात वरच्या रेघेलाही ओलांडून गेली. माझे पिवळे ठोकळे एकेक करून हरवले. एक उंच मनोरा हल्ली शिपायाच्या खोलीचं दार अडवायला वापरतात. सगळ्या अंगात बरोबर असं ठळक काही उरलं असेल तर ती आगपेटीची घरं. उतारावर आज पक्की घरं आहेत आणि मावशींची नात तिथूनच शाळेत जाते.

मग मी बेचैन का? तेच सांगायला तुम्हाला थांबवलंय. समोरच्या दालनात, माझ्या जागी, आता एक मोठा चकचकीत पडदा लावलाय. पुढच्या तीस वर्षांचं शहर त्यावर दिसतं. बटण दाबलं की इमारती उगवतात, बटण दाबलं की रस्ते. फार देखणा आहे, मी जळत नाही त्याच्यावर. पण दार उघडं असलं की मला तो दिसतो, आणि उत्तरेच्या टोकाला, खाणीच्या पलीकडे, एक हिरवा तुकडा दिसतो. परवा एका मुलीने विचारलं, "इथे काय आहे?" आणि दाखवणारे म्हणाले, "काही नाही, मोकळी जागा."

माझ्या बनातीला निदान कड होती. ती सुटायची, उचकटायची, कुणाच्या तरी बोटाला लागायची. पडद्यावरच्या हिरव्याला कडच नाही. तो उचलून खाली कोण बघणार?

म्हणून म्हणतो मित्रांनो, माझ्यावर धूळ असू द्या, माझं काही अडत नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि या शहराचे पिवळे ठोकळे तुमच्या हातात येतील. ते लावण्याआधी एकदा पायी तिथे जा. दारं वाजवा आणि इथे कोण राहतं ते विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी उत्तरेला खाणीपलीकडे राहत असेल, तर आजच घरी सांगा आणि या कार्यालयात हरकत नोंदवायला या. लवकर या, इथली 'तूर्त'ची सवय अजून गेलेली नाही. काल माझ्या कपाळावर कुणीतरी एक चिठ्ठी चिकटवून गेलंय. तिच्यावर लिहिलंय, 'तूर्त इथे ठेवले आहे.'