दक्षिण अमेरिकेतला पिंपळ

मी पिंपळ बोलतोय. हे माझं नाव मला वयाच्या अकराव्या वर्षी कळलं, तेही चौथीतल्या एका मुलीमुळे. तोवर माझ्या पायाशी भलताच बोर्ड होता आणि मी खुशाल दक्षिण अमेरिकेचा रहिवासी म्हणून मिरवत होतो.

जन्म फ्लोरिडातल्या एका रोपवाटिकेत. ट्रकमधून येताना कुंड्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीजवळच्या एका काचेच्या बागेत येऊन पडलो. तिथे दक्षिण अमेरिकेचं जंगल उभं केलं होतं. बाहेर बर्फ असला तरी आत घाम फुटायचा. धुकं नळ्यांतून सुटायचं आणि पोपट कॅसेटवर ओरडायचे. कॅसेट उलटायची राहिली की सगळं जंगल चिडीचूप.

वॉल्टर नावाचा माळी माझी छान बडदास्त ठेवायचा. एका बाबतीत मात्र तो कडक होता. जे दक्षिण अमेरिकेचं नाही, ते जंगलात नको. एकदा आफ्रिकेची एक वेल चुकून शिरली, ती त्याने दुसऱ्याच दिवशी उपटली. मला तिची कीव आली होती. आपण त्यातले नाही, या खात्रीने.

१९९६च्या नोव्हेंबरात चौथीचा वर्ग दिवसभरासाठी जंगल बघायला आला. प्रत्येकाच्या हातात एक कागद. पाच झाडं शोधा, चित्र काढा, नाव आणि देश लिहा. मिसेस कॉलिन्स बाईंनी माझं पान मुलांना दाखवलं. "हे लांब टोक बघा. पावसाचं पाणी इथून निथळतं. जंगलातल्या झाडांची ही खूण." मी फुशारलो.

मदतीला काही मुलांच्या आईही आल्या होत्या. त्यांतली संघमित्रा, मूळची नागपूरची, माझ्यासमोर थबकली. तिने बूट काढले, मोजे काढले आणि ओल्या मातीत उभं राहून हात जोडले. लोकांनी माझ्यासोबत फोटो काढले होते, मला च्युइंगमही चिकटवलं होतं. हात कुणी जोडले नव्हते. मी पार संकोचून गेलो.

"आई, शूज घाल ना. सगळे बघतायत," तिची मुलगी मैत्री कुजबुजली.

"बघू दे. अगं, हा पिंपळ. बोधिवृक्ष. रामभाऊ आजोबांनी दीक्षाभूमीवरून पाठवलेलं पान आपण फ्रेम नाही का केलंय?"

"बट बोर्डवर साऊथ अमेरिका लिहिलंय."

"मग बोर्ड चुकलाय."

मैत्रीने माझं पान उलटसुलट करून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, 'बोधी ट्री, इंडिया.' बाईंनी समजावलं, बोर्ड वाचून दुरुस्त कर, नाहीतर उत्तर चूक धरावं लागेल. मैत्री रडवेली झाली, पण तिने खोडरबर काही उचलला नाही. "माय मॉम नोज धिस ट्री," एवढंच म्हणाली.

शेवटी वॉल्टर आपलं जाडजूड पुस्तक घेऊन आला. माझं पान त्याने चित्राशेजारी धरलं, बराच वेळ पाहिलं.

"मुलगी बरोबर सांगतेय," तो म्हणाला आणि सवयीने पुढे बोलून गेला, "म्हणजे याला इथून काढावं लागणार."

आता मात्र मैत्रीने खोडरबर घेतला. "आय विल इरेज इट. देन कॅन इट स्टे?"

वॉल्टरने पुस्तक मिटलं. बसची वेळ झाली होती. बाईंनी कागद तसाच गोळा केला आणि वर्ग निघून गेला.

वॉल्टर आठवडाभर करवत घेऊन माझ्याभोवती घुटमळला. त्याच्याच्याने होईना. अखेर त्याने माझ्या फांद्या छाटल्या, मला मुळांसकट उचललं आणि प्रवेशदारापाशी एका मोठ्या पिंपात लावलं. खऱ्या नावाचा बोर्डही लावला. पहिल्या हिवाळ्यात दारातून येणाऱ्या गारठ्याने माझी सगळी पानं गळली. वसंतात तांबूस, कोवळी फुटली. इथे येणारी-जाणारी माणसं दिसतात. मी मजेत आहे.

पुढच्या वर्षी बाई नवा वर्ग घेऊन आल्या. माझ्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि वॉल्टरला म्हणाल्या, "मैत्रीच्या वडिलांना देशाच्या पार पश्चिम टोकाला, बेलव्ह्यूला नोकरी लागली. त्या सहलीनंतर महिन्याभरातच सगळे तिकडे राहायला गेले. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, माझ्यामुळे झाड तोडलं का? मला माहीत नव्हतं हो."

तेवढी एक रुखरुख मनात आहे. तुमच्यापैकी कुणी बेलव्ह्यूला जाणार असेल, तर मैत्रीला शोधा. आता पाचवीत असेल. तिला सांगा, मला कुणी तोडलं नाही. ते उत्तर तिने खोडलं नाही, म्हणून आज मी माझ्या नावाने जगतोय.