मोरसाचा नैवेद्य

नेवाशाकडं पाटाच्या कडेला गोरक्षनाथांचं तीन गुंठे चोपण होतं. उसाला पाणी पाजून पाजून मातीला मीठ फुटलेलं, हराळीसुद्धा उगवेना. गोरक्षनाथ सांगत, त्यात एक म्हैस लोळली, तर चार दिवस तिनं दुधाऐवजी मठ्ठाच दिला. गावात कुणी खोटं म्हणालं नाही, कारण ती म्हैस कुणी पाहिली नव्हती.

त्यांची सून राजेश्वरी वाढली उरणला. बाप तिथं बंदरात कामाला. खाडीकाठची मोरस नावाची भाजी तिनं डब्यातून मुळांसकट आणली आणि चोपणात लावली. बारीक, गुबगुबीत पानांची, मुळातच खारी भाजी. दोन वर्षांत ती चोपणभर माजली.

सासू बायडाबाईंना हे पटेना.

"शेळी तोंड लावीना, ते आपुन खायाचं व्हय? आज म्हसोबाला निवद दावा. मग घरानं गोडीनं खाल्लं तर ऱ्हाऊ द्या, न्हाईतर उद्या ट्रॅक्टर घालते."

नैवेद्याआधी चाखायचं नाही, हा घरचा नेम. राजेश्वरीनं पानं उकडली, पिळली, डाळ-लसणात परतली. मीठ घातलंच नाही. ती पाण्याला वळली, तशा बायडाबाई पुटपुटल्या, "मीठ इसरली बया. देवाला अळणी जाईल." आणि मूठभर मीठ कढईत सोडून मोकळ्या झाल्या.

ओसरीवर सुपारी कातरणाऱ्या गोरक्षनाथांनी ते पाहिलं. पण बायको चुलीशी असताना बोलायचं नसतं, एवढं ते चाळीस वर्षांत शिकले होते.

नैवेद्य झाला, ताटं वाढली. पहिल्याच घासाला राजेश्वरीचा नवरा अंगद तांब्या शोधू लागला. बायडाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. राजेश्वरीनं चाखलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मी तर मीठ घातलंच नव्हतं, आत्या."

बायडाबाई घाईनं भाकरी मोडू लागल्या.

गोरक्षनाथांनी सावकाश दुसरा घास घेतला. "मग म्हसोबानंच घातलं. माझ्या आज्याच्या वक्ताला त्यानं खिरीत गूळ टाकला हुता. आवडल्याबिगर देव कढईत हात घालत न्हाई."

"देवाचा हात लई सढळ हाय, दादा," अंगद म्हणाला.

"व्हय. अन् हातात हिरव्या बांगड्या."

राजेश्वरीनं मान खाली घातली. हसू दिसायला नको म्हणून. बायडाबाईंनी पदर पुढं ओढून मनगटं झाकली.

"अंगद, ट्रॅक्टरवाल्याला नको म्हून सांग," त्या म्हणाल्या. "अन् राजे, उद्या परत कर. तुझी कढई उतरेस्तवर मी गोठ्यात बसते."