कुंकवाचं पाऊल आणि क्लचची तार

गंगापूर मागं टाकून लासूर स्टेशनच्या रस्त्याला लागलं, की एका मोठ्या चिंचेखाली गाडीवाल्या महाराजांची मठी होती. अमावास्येला तिथं माणसांइतकीच गाड्यांची दाटी. ट्रॅक्टर, टेम्पो, काळ्या-पिवळ्या जीपा. सगळ्यांच्या नाकावर लिंबू-मिरची, सगळ्यांच्या चाकापुढं नारळ. पण त्या दिवशी सगळ्यांच्या माना वळल्या होत्या एका जुन्या पांढऱ्या व्हॅनकडं. इंजिन घुमत होतं, गिअर पडलेला होता, आणि चाकं मात्र जागची हलत नव्हती. बाप्ये ढकलत ढकलत ती फाटकातून आत आणत होते.

"आलं का रडत लेकरू?" महाराज ओट्यावरून म्हणाले. "वाटंत थांबला तर नाय ना, पुंजाराम?"

"नाय महाराज. औरंगाबादेतून सुटलो ते थेट इथं. फाटकाशी पेडल खाली गेलं, ते वर आलंच नाय."

महाराजांनी डोळे मिटले आणि त्यांची गाडी सुरू झाली:

"गिअरात ग्रह, क्लचात कली,
पेट्रोलच्या टाकीत काळी सावली.
मिस्तरी नट पिळून थकला,
तिनं पाय नाही काढला."

माणसं डोलली. "ती" कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, सकाळच्या एसटीनं पैठणच्या माहेराहून आलेली, पुंजारामची बायको सरू.

लग्न झालं त्याच महिन्यात पुंजारामनं ही वापरलेली व्हॅन घेतली होती. सासू आवडाबाईनं हौसेनं नव्या सुनेचा पाय कुंकवाच्या ताटात बुडवला आणि त्याचा ठसा क्लचच्या पेडलवर उमटवून घेतला. लक्ष्मीचं पाऊल गाडीला लागलं, म्हणून गल्लीतल्या बायांनी ओव्या म्हटल्या. उन्हाळा लागला आणि तेच पेडल अडकायला लागलं. खाली गेलं की वर येईना. भर रस्त्यात व्हॅन थबके, मागचे ट्रक वाजवत जात. मग आवडाबाईला ते कुंकू आठवलं. ज्या पावलाची ओवी झाली, त्याच पावलाचा वाईट पायगुण निघाला.

मागच्या अमावास्येला महाराजांनी सरूला फाटकाबाहेर पाठमोरी उभी केली होती. पुढची सीट उचलून खालच्या अंगाला तीर्थाची कळशी रिकामी केली, दिवस कलेपर्यंत मंत्र म्हटले, आणि पेडल टुणकन वर आलं. बाया रडल्या. सरू आपली एवढंच बोलली होती, "महाराज, भूत पेडलवर बसलंय म्हणता, मंग पाणी सीटखाली कामून ओतता?"

महाराजांनी रिकामी कळशी उपडी घातली. त्याच बैठकीत हुकूम झाला, सूनबाईला माहेरी धाडा.

सरू माहेरी गेली आणि आठवड्यात पेडल पुन्हा अडकलं. महाराजांना उत्तर शोधावं लागलं नाही. पाय गेला, नातं राहिलं. आज ते नातं तोडायचं होतं. ओट्यावर पाटाशेजारी गवताची वाळकी काडी ठेवली होती. पुंजारामनं ती चारचौघांत मोडायची, काडीमोड झाला की पेडल सुटणार.

"पोरी, फाटकाबाहेर हो," महाराज म्हणाले.

सरू हलली नाही. "काडी मोडायचीच हाय, तर मोडा. पर आधी मला गाडीत बसू द्या. मंत्र नको, पाणी नको. त्या पेडलवर माझाच पाय ठिवते. माझ्या पायानं अडकलं असंल, तर ते काय वर येत नसतंय."

"शिवू नको," आवडाबाई पुढं झाली. "एवढं वाटोळं केलंस ते पुरं नाय झालं?"

वाटेत थांबायचं नाही म्हणून व्हॅन गंगापुरातही थांबली नव्हती; तिच्यातून थेट इथंच उतरलेल्या उतारूंत मुनिराबाई होत्या. गंगापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि औरंगाबादेहून रोज याच व्हॅननं यायच्या. लग्नानंतर सरू कधीमधी शेजारी बसायची, तेव्हा त्यांनीच तिला विचारलं होतं, 'सकाळी अडकतं की दुपारी?' आणि सरूला जाणवलं होतं, की अंगणात ती व्हॅन धुते तेव्हा, गार सकाळी, पेडल कधीच अडकलेलं नसतं. तिनं ते नवऱ्याला सांगितलंही होतं. "तुला काय कळतं गाडीतलं," एवढं बोलून पुंजाराम जेवायला बसला होता.

"बसू द्या की महाराज," मुनिराबाई म्हणाल्या. "तुमच्या एवढ्या मोठ्या मंत्राला एका पोरीच्या पायाचं भ्या वाटतंय का?"

गर्दीत कुणी तरी खुसकन हसलं. महाराजांना आता नाही म्हणता येईना. "बस," ते म्हणाले. "बसून बघ. गाव बी बघंल."

सरू चालकाच्या सीटवर बसली. सीटखालच्या, नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाची धग लुगड्यातून मांड्यांना लागत होती. पेडल फरशीला चिकटलेलं. त्याच्या रबराच्या खाचांत कुंकू अजून होतं, काळपट, वाळल्या रक्तासारखं. तिनं अनवाणी पाऊल अलगद त्यावर ठेवलं, जोर न देता, झोपलेल्या लेकराच्या छातीवर हात ठेवावा तसं.

मग नुसतं थांबणं. बाहेर शेंगा सोलल्याचा आवाज.

"उपाशी बसंल, पर उठायची नाय," एक म्हातारा म्हणाला.

"सासरी नांदली असती एवढी, तर," दुसऱ्यानं पुरं केलं.

पुंजाराम काडीकडं बघत उभा होता. तिच्याकडं बघत नव्हता. सरूच्या मनात एक क्षण आलं, नाहीच उठलं तर? गाडी कशी चालते हे आपल्याला कुठं पुरतं ठाऊक आहे? या माणसाच्या घरातली आपली भाकर, आपलं अंथरूण, आपलं नाव, सगळं या इवल्याशा लोखंडाच्या तुकड्यावर टांगलंय. तिला हसूही येईना, रडूही येईना.

चिंचेची सावली व्हॅनवर सरकली. इंजिनाची टिकटिक मंदावत थांबली. सीट निवली. आणि तळव्याखाली काही तरी हललं. पेडल आधी सुस्कारल्यासारखं जरासं, मग एकदम, तिचं पाऊल घेऊन वर आलं.

शेंगा सोलणारे हात थांबले. सरूनं पेडल दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. त्याच कुंकवाच्या पायानं.

"आता उलटं करू," मुनिराबाई म्हणाल्या. "सरू, तू जा फाटकाबाहेर, पार रस्त्याला. पुंजाराम, इंजिन चालू करून तापू दे. आणि महाराज, आता तुम्ही मंत्र म्हणा, मोठ्यानं."

महाराजांना म्हणावेच लागले. इंजिन घुमत राहिलं, मंत्र चालत राहिला, पुंजाराम मधून मधून पेडल दाबत राहिला. सरू रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी. मंत्र ऐन रंगात आला आणि पेडल खाली गेलं ते खालीच राहिलं.

या वेळी हसणारा एकटा नव्हता.

सरू परत आली. इंजिन बंद करवून तिनं सीट उचलली. धुराच्या तापल्या पाइपाला एक काळी केबल टेकली होती. तिला पाइपापासून दूर धरणारी पट्टी तुटून लोंबत होती.

"क्लचची तार यातून जाते," मुनिराबाई म्हणाल्या. "वरच्या नळीला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. तापलं की ते फुगून तारेला आवळतं, निवलं की सोडतं. म्हणून गाडी न थांबता आणायची, तापलेली. म्हणून पाणी इथं ओतायचं. मंत्र निवेपर्यंत लांबवायचा. हे महाराजांना पहिल्यापासून ठाऊक होतं. नाही तर कळशी पेडलवर रिती झाली असती."

पुंजारामनं खाली मान घालून केबल बाजूला ओढली आणि साध्या तारेच्या तुकड्यानं सीटखालच्या दांड्याला बांधली. गाडी पुन्हा चांगली तापवली. पेडल खाली गेलं, वर आलं, जात-येत राहिलं.

"तारंतच दडली व्हती ती काळी सावली," महाराज ओट्यावरून म्हणाले. "आज उघडी पडली." आणि शेंगा सोलणारा म्हातारा खरोखरच उठून त्यांच्या पाया पडला.

आवडाबाईनं सरूच्या हाताला धरलं. "चल बाई घरी. पेडल उठलं."

"अन् नसतं उठलं तर, आत्याबाई?"

आवडाबाईनं लेकाकडं बघितलं. पुंजारामच्या हातात ती काडी होती. कधी उचलली त्याचं त्यालाच कळलं नसावं.

सरूनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि मोडली. मग मुनिराबाईंबरोबर एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली. मागून व्हॅन आली, हळू झाली, दार उघडलं. ती बसली नाही.

तुमच्या घरातलं काही असं अडकलं, तर आधी विचारा: कधी अडकतं, कशानं सुटतं, आणि मंत्र म्हणणारा पाणी नेमकं कुठं ओततो. पण हे विचारा ते माणूस उंबऱ्याबाहेर घालण्याआधी. नंतर विचारलं, तर दुरुस्त होते ती फक्त गाडी.